मध्यंतरासाठी उभा केलेला संघ

१/ अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लारू हे हजाराहूनही कमी वस्तीचे खेडे. १९२२ साली या खेड्याच्या नावावर एक व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ उभा राहिला : ऊरँग इंडियन्स. एनएफएलच्या साऱ्या इतिहासात याहून लहान गावाला कधी संघ लाभला नाही. आजचा धागा त्याच्या पहिल्या हंगामाविषयी.

२/ येथे ‘इंडियन्स’ म्हणजे अमेरिकेतील मूळ जमातींचे लोक. संघातील सारे खेळाडू याच समाजांतले. पदव्युत्तर अभ्यासासाठी मी सध्या ‘माणसांची प्रदर्शने’ हा विषय वाचते आहे : जत्रा, सर्कशी, जागतिक मेळे. या संघाची जागा क्रीडेच्या इतिहासात की या प्रकरणात, हा प्रश्न त्या वाचनातूनच उभा राहिला.

३/ मालक वॉल्टर लिंगो हा कुत्र्यांचा व्यापारी. एअरडेल टेरियर जातीची कुत्री तो देशभर विकत असे. त्याच्या श्वानपालन केंद्राचेच नाव ऊरँग. लीगमधील प्रवेशाचे शुल्क १०० डॉलर होते, तर त्याच्या एका कुत्र्याची किंमत १५० डॉलर. गावोगाव हिंडणारी जाहिरात त्याला हवी होती. ती त्याला संघाच्या रूपाने मिळाली.

४/ प्रशिक्षक आणि खेळाडू या दोन्ही नात्यांनी त्याने आणले जिम थॉर्प यांना. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणारे, पुढच्याच वर्षी ती पदके गमावलेले थॉर्प आता पस्तिशीला पोहोचले होते. संघ सांभाळायचा आणि कुत्र्यांच्या कामावरही लक्ष ठेवायचे, अशी ही नोकरी होती.

५/ थॉर्प, जो गायन, पीट कॅलॅक हे सारे कार्लाइल येथील निवासी शाळेचे विद्यार्थी. १८७९ साली स्थापन झालेल्या या शाळेत मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. याच मुलांनी १९१२ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाला २७-६ असे हरवले होते.

६/ आता हंगाम. लारूमध्ये सामन्याजोगे मैदानच नव्हते. ‘घरचा’ सामना जवळच्या मॅरियन शहरात होई. उरलेला हंगाम प्रवासात जाई. कोलंबस आणि बफेलो या संघांना त्यांनी हरवले, पण एकूण हिशेब तीन विजय, सहा पराभव. नव्या संघासाठी हा हिशेब लाजिरवाणा म्हणता येणार नाही. लिंगोला मात्र गुणांशी फारसे कर्तव्य नव्हते.

७/ त्याचे लक्ष मध्यंतरावर होते. खेळाडू पारंपरिक वेशात नृत्य करीत, कुऱ्हाडी आणि सुरे फेकून दाखवीत. पहिल्या महायुद्धातील लढाईचा देखावा होई. त्यात हे ‘इंडियन’ टेहळे जर्मनांशी लढत आणि एअरडेल कुत्री जखमींना मदत पोहोचवीत. ‘लाँग टाइम स्लीप’ या नावाने ओळखला जाणारा खेळाडू तर अस्वलाशी कुस्ती खेळे.

८/ क्षणभर थांबून पाहा. इतर संघ मध्यंतरात विश्रांती घेत; या संघाचे दुसरे काम तेव्हा सुरू होई. गुणतक्त्यात त्या श्रमाला रकाना नाही. सहा पराभवांचे कारण केवळ हेच, असे मी म्हणणार नाही. परंतु हे श्रम वगळून तो तक्ता वाचणेही योग्य नव्हे.

९/ मग हे खेळाडू निव्वळ बळी होते काय? संघातील लिऑन बाउटवेल यांची आठवण निराळे सांगते. गोरे लोक आपल्याला रानटी समजत. प्रत्यक्षात बहुतेक जण शिकलेले होते. पण मनसोक्त धुडगूस घालून नामानिराळे राहण्यास तो गैरसमज फार सोयीचा पडे! आपण काय विकतो आहोत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१०/ १९२३ च्या दुसऱ्या हंगामात एक विजय, दहा पराभव. नवलाई ओसरली, संघ बंद पडला. २ जून १९२४ रोजी मूळ जमातींतील सर्वांना अमेरिकेचे नागरिकत्व देणारा कायदा झाला. थॉर्प यांना १९१२ च्या दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून पुन्हा मान्यता मिळाली ती २०२२ साली.

११/ धाग्याचा आरंभ अस्वलाच्या कुस्तीने केला असता, तर वाचक निश्चितच वाढले असते. लिंगोचा हिशेबही नेमका हाच होता. म्हणून अस्वलाला सातव्या क्रमांकावर ठेवले. प्रदर्शनात उभ्या केलेल्या माणसांचा इतिहास लिहिताना त्यांना पुन्हा प्रदर्शनात उभे न करणे कितपत शक्य आहे? तुमचे मत वाचायला आवडेल. (समाप्त)