वस्त्रगाळ माती

जोयड्यात पावसाळा लागला की माझं मॉडेलांचं रंगकाम बंद. हवेत इतकी ओल असते की मॅट व्हार्निश पांढरं पडतं आणि गडद हिरव्या रणगाड्यावर बुरशी चढल्यासारखी दिसते. विजेचाही भरवसा नाही, त्यामुळे एअरब्रशचा कॉम्प्रेसर कधी गप्प होईल सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर नुसतं कापायचं, घासायचं, चिकटवायचं. रंगाच्या बाटल्या उघडतात त्या दिवाळीनंतर.

सध्या टेबलावर सेंच्युरियन रणगाडा आहे. प्लास्टिकचा, एकास पस्तीस प्रमाणातला, जेमतेम वीतभर लांब. हे प्रमाण आलं कुठून, याची गंमत आहे. तामिया या जपानी कंपनीनं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार ठेवला, तो साधारण एकास पस्तीस भरला. पुढे जगभर तेच रूढ झालं.

माझा सेंच्युरियन ‘फामागुस्ता’ होणार आहे. पूना हॉर्स रेजिमेंट, बसंतरची लढाई, 16 डिसेंबर 1971. त्या रणगाड्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, वय 21. रणगाड्यावर मारा झाला, बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ चालतेय म्हटल्यावर ते हटले नाहीत. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा दुरुस्त करून नगरला, आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. पण जतन केलेल्या गाडीवर ताजा रंग असतो. लढाईतली धूळ आपली आपणच शोधायची.

इथं जोयडेकराचा हात घसरतो तो गंजाकडे. आमच्याकडे बिजागरी, पत्रा, सायकलची साखळी एका पावसात तांबूस होते, त्यामुळे गंज मला डोळे मिटून रंगवता येतो. पण चालत्या रणगाड्यावर तो फारसा नसतोच. माणसं रोज पुसतात, तेल देतात, रंगाचे टवके उडाले की कुंचला फिरवतात. खानापूरकडचे एक रिसालदार काका आहेत, विजयंता रणगाड्यावर नोकरी केलेले. परदेशी मॉडेलांचे तांबडेलाल फोटो दाखवले तर म्हणाले, “अरे, ही गाडी आहे की भंगार? एवढा गंज दिसला असता तर आमची रजाच बंद झाली असती!”

मग मॉडेल हातात घेऊन त्यांनी बोट ठेवून दाखवलं: चढायचं इथून, पाय इथं, हात टरेटच्या या कडेला. रंग झिजतो तो तेवढाच. घासणीचा कपचा चिमट्यात धरून मी त्या जागी गडद तपकिरी ठिपके टेकवले, बाकी अंग तसंच ठेवलं. गंज फक्त सायलेन्सरला. तिथला पत्रा पातळ, सतत तापणारा. ट्रॅकच्या कड्या मँगनीजच्या पोलादाच्या असतात, त्यात मँगनीज साधारण बारा टक्के. आमच्या जोयडा तालुक्याच्या डोंगरांतही मँगनीजच्या खाणी होत्या, हे कड्या रंगवताना हटकून आठवतं. जमिनीला टेकणारी बाजू घासून चकचकीत होते. तिथं रंग नको, मऊ पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळायचं.

खरा प्रश्न मातीचा. अंगणात लाल जांभ्याची माती हवी तेवढी, आणि ती दिसतेही झकास. पण लढाई झाली त्या शकरगडच्या सपाट मुलखात ती कुठली? तिथली गाळाची माती फिकट, राखाडीकडे झुकणारी. म्हणून ती पिगमेंटच्या पुड्या मिसळून केली. पूड वस्त्रगाळच हवी. या प्रमाणात एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरची खडी, आणि अशी खडी चिकटलेला रणगाडा लगेच खेळणं वाटतो. मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळलेली पूड चाकांवर भुरभुरली आणि कुंचल्याच्या टोकानं टर्पेंटाइनचा थेंब सोडला. तो कडेकडेनं पसरतो, पूड काळपट होते. सुकल्यावर मूळ रंग परत येतो. तोवर हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड.

काकांना माती पटली. टरेटच्या मागची रिकामी टोपली मात्र पटली नाही. “सामान कुठाय? वळकट्या, ताडपत्री, पाण्याचे कॅन? पोरं काय हात हलवत गेली होती?” सध्या टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून वळकट्या वळतोय. दोऱ्या बांधायला घरातला शिवणाचा दोरा जाड पडतो.