आंबवडे आणि ताशी भाड्याचे विमान

भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागते. नागेश्वराचे प्राचीन मंदिर, भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आणि संस्थानकाळातला झुलता पूल, एवढी ओळख एस.टी.ने उतरणाऱ्यास पुरते. परंतु रोहिडा आणि रायरेश्वर यांच्यामध्ये हे गाव कसे वसले आहे, हे वरून पाहिल्यावरच नीट उमगावे. त्यासाठी विमान मालकीचे असण्याची गरज नाही; ते तासाच्या हिशेबाने मिळू शकते.

ही पद्धत जुनीच आहे. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखानाच काढला, हे या मासिकाच्या वाचकांस सांगायला नको. कारखाना काढणारा विरळा. तासाचे भाडे भरणारा मात्र संसारी माणूसही असू शकतो.

खासगी परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे, शिक्षण दहावी आणि उड्डाण ४० तास. शिवाय वैद्यकीय तपासणी व लेखी परीक्षा. असा वैमानिक मित्राला शेजारी बसवू शकतो, परंतु त्या सेवेचा मोबदला घेऊ शकत नाही. भाडे बहुधा इंजिन चालण्याच्या वेळेवर आकारतात. म्हणजे धावपट्टीपर्यंतची संथ वाटचालही हिशेबात येते. इंधन दरात धरले आहे काय आणि अपघात झाल्यास विम्याच्या वरची रक्कम कोणी भरायची, हे सहीपूर्वी वाचावे. कर्जाचे कागद न वाचता सही करणारे पुष्कळ असतात. येथे तसे परवडत नाही.

बारामतीच्या धावपट्टीवरून आंबवडे सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. दोन आसनी सेस्ना १५२ला अर्धा तास लागेल. घिरटी घालून परतेपर्यंत सव्वा तासाचे भाडे. उड्डाणाचा आराखडा व हवाई संरक्षणाची अनुमती आधी घ्यावी लागते. खरी परीक्षा भोरच्या पुढे आहे. दरी पश्चिमेस अरुंद होत जाते, जमीन चढत जाते आणि रायरेश्वराचे पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. दोन माणसे, भरलेली टाकी आणि दुपारची तापलेली हवा असता छोटे विमान फार हळू चढते. दरीत शिरून मग उंची शोधणाऱ्यास वळायलाही जागा उरत नाही. म्हणून उंची भोरच्या अलीकडेच गाठावी आणि डोंगरावर ढग टेकलेले दिसताच परत फिरावे. आंबवडे न पाहताच भाडे भरावे लागले तरी ते भरावे.

हवा स्वच्छ असेल तर भाटघरचे पाणी, भोरची घरे आणि मग झाडीत दडलेले आंबवडे एकापाठोपाठ दिसते. पूल तेवढ्या उंचीवरून जेमतेम ओळखू यावा. तेथे उतरायला धावपट्टी नाही. नागेश्वराच्या दर्शनासाठी बारामतीहून पुन्हा मोटारीनेच भोर गाठावे लागते.