पातूरच्या वाटा नकाशावर

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर पातूर येते. तिथपर्यंत सगळी काळी, सपाट जमीन. कपाशी, तूर, सोयाबीन. पातूर मागे पडले की रस्ता घाटाला लागतो. जुन्या लोकांनी वऱ्हाडचे दोन भाग मानले होते, पयानघाट आणि बालाघाट. दोन्ही नावे फारसीतून आलेली. एक घाटाखालचा मुलूख, दुसरा घाटावरचा. पातूर या दोहोंच्या उंबऱ्यावर बसले आहे. गावाजवळच्या टेकडीत खडक कोरून केलेली लेणी आहेत. अभ्यासक ती वाकाटक काळाशी जोडतात. गावाला नावेही दोन होती. कोणी शेखबाबूंचे पातूर म्हणत, कोणी नानासाहेबांचे.

या टेकड्यांतल्या वाटांची नोंद करायचे आम्ही तिघा भावांनी ठरवले, ते ओमानहून परतल्यावर. आमचा मधला भाऊ मस्कतला नोकरीला आहे. तिथे त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी वाटांचे पुस्तक तयार करत होते. त्यांना मदतीला माणसे हवी होती, आम्हाला फिरायचे होते. तीन आठवडे त्यांच्याबरोबर हजर पर्वतात काढले.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. सायकलच्या दांड्याला लावलेले यंत्र आपण गेलो ती रेघ उमटवत जाते, पण अरुंद दरीत उपग्रहाचा संदेश कड्यांवर आपटून येतो आणि रेघ वाट सोडून भलतीकडे जाते. म्हणून एकच वाट दोन-तीनदा पालथी घालायची. चढताना एकदा, उतरताना एकदा, कारण चढताना जी वाट सोपी वाटते ती उतरताना हाडे खिळखिळी करते. खडी कुठे सुटी, पाणी कुठे, सावली कुठे, फाटा कुठे फुटतो, हे सगळे वहीत. शेवटी वाटेला रंग द्यायचा: हिरवी सोपी, निळी मध्यम, लाल कठीण, काळी फक्त कसलेल्यांसाठी. दुबईच्या हत्ता भागातल्या वाटांनाही असेच रंग आहेत.

ओमानच्या पुष्कळ डोंगरवाटा मुळात गाढवांच्या. गावकरी त्यांवरून खजूर, धान्य, लाकूड नेत. आता सरकारने त्यांना क्रमांक दिले आहेत आणि खडकांवर पिवळे, पांढरे, लाल पट्टे ओढले आहेत. जबल शम्सच्या कड्यावरची डब्ल्यू ६ ही वाट अस्-साब नावाच्या गावाला जाते. तिथे सायकलीपेक्षा पायीच बरे. दगडी घरे कड्याला चिकटून उभी आहेत, पण राहायला कोणी नाही. वाट शाबूत, माणसे गेलेली. प्रवाशाला तिथे कोणी आडवे येत नाही.

पातूरला येतात.

पावसाळा संपल्यावर आम्ही सुरुवात केली. पावसात काळ्या मातीचा गारा चाकात भरतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा तर नावच नको. फजरनंतर निघायचे, दहाच्या आत परतायचे. पांदण संपली की मुरूम, मुरमानंतर काळा खडक, मग साग, धावडा, सालई. बाभळीच्या काट्यांनी पहिल्याच आठवड्यात इतके पंक्चर झाले की ट्यूबमध्ये पातळ रबर भरून घ्यावे लागले. रोही रोज दिसायचे. बिबट्या दिसला नाही, माग दिसले.

फोनवरच्या नकाशात हा सगळा भाग जवळपास कोरा. महामार्ग आहे, गावे आहेत, तलाव आहेत, वाटा मोजक्याच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशावर दर २० मीटर उंचीला एक रेषा असते, तिचा आधार मोठा. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही भर घालता येते, आणि २०२१ पासून भारतीय नागरिकाला नकाशाची माहिती गोळा करून छापायला आधी परवानगी काढावी लागत नाही. म्हणजे अडचण कायद्याची उरलेली नाही.

अडचण दुसरीच निघाली. आम्हाला सर्वांत सुंदर वाटलेली उतरण साग-धावड्यातून वळणे घेत खाली येते. पुस्तकात तिला बिनधास्त लाल रंग मिळाला असता. एके सकाळी तिच्यावरून सहा-सात बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येताना भेटल्या. वाट एका माणसापुरती. आम्ही उतरून सायकली झुडपात घातल्या. पुढची बाई म्हणाली, "भाऊ, रोज येणार हाव का?" प्रश्न साधा होता, पण आम्ही तिघेही गप्प झालो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर याच वाटेने पहाटेपासून ये-जा असते. पुस्तक वाचून आलेला गडी उतारावर ब्रेक सोडून येईल, त्याला वळणापलीकडची मोळी कशी दिसावी?

ती वाट आम्ही गाळली. मोठ्या भावाचे मत वेगळे होते. त्याचे म्हणणे, नोंद नसलेली वाट उद्या कोणी तोडली तर ती होती हे सांगणार कोण? घाटातला महामार्ग चौपदरी झाल्यावर कडेच्या जुन्या पायवाटांचे तेच झाले आहे. त्याचेही खोटे नाही. शेवटी वाट नकाशावर पायवाट म्हणून ठेवली, सायकलीच्या यादीत घेतली नाही. धुऱ्यावरून जाणारे दोन तुकडे मालकांना विचारून सोडले. पूर्वेला काटेपूर्णा अभयारण्याची हद्द आहे; चौशिंगा हरणांसाठी ते ओळखले जाते. तिकडे आम्ही चाक वळवलेच नाही. उरल्या पाच वाटा. तीन हिरव्या, दोन निळ्या. लेण्यांच्या बाजूची हिरवी वाट मुलाबाळांसह जाण्याजोगी आहे. पाणी मात्र घरून न्यावे.

नावांसाठी एका गुराखी चाचांना बरोबर घेतले. सत्तरीचे, पायात रबरी चपला, आणि चढाला आमच्या पुढे. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे नाव होते. एक पडलेल्या मोहाच्या झाडाचे, एक घसरून मेलेल्या बैलाचे. झाडही नाही, बैलही नाही. त्यांची मुले अकोल्यात रिक्षा चालवतात. त्यांना ही नावे माहीत नाहीत. आम्ही ती मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत भरली. चाचांनी फोनवर बोटाने रेघ ओढून पाहिली आणि म्हणाले, बैलाचे वळण जरा खाली आहे. पुढच्या जुम्म्यानंतर ते दाखवायला येणार आहेत. आलेगावच्या बाजूची वर चढणारी वाट अजून राहिली आहे.