परक्या पत्त्याचे भय

२०२४ सालच्या श्रावणातील गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती आणि आचऱ्याच्या समुद्राची गाज आमच्या ओटीपर्यंत येत होती. अशा दुपारी दूरध्वनी खणाणला. पलीकडचे गृहस्थ मोठ्या अदबीने हिंदीत बोलत होते. एका जगप्रसिद्ध कंपनीचे नाव सांगून ते म्हणाले, "साहेब, आपल्या संगणकात परदेशी माणसे शिरली आहेत. विश्वास बसत नसेल तर आपल्याच डोळ्यांनी पाहा."

हा संगणक म्हणजे पुतण्याने नवा घेतल्यावर मजकडे आलेला जुना. माझे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. त्यापुढे घरच्या वळणाने संस्कृत, आणि मग सारा जन्म शाळेच्या फळ्यापुढे. आजोबांनी वृत्तांवर लिहिलेल्या वह्यांना कसर लागली, म्हणून त्यांची नक्कल करून ठेवावी, एवढ्याचसाठी मी साठीनंतर टंकलेखन शिकलो. तीनशेवर पाने झाली होती. ती सर्व त्या यंत्राच्या पोटात आहेत, या विचारानेच माझ्या छातीत धस्स झाले.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी एक काळी चौकट उघडली. तीत 'नेटस्टॅट' हा शब्द, थोडी जागा सोडून एक आडवी रेघ आणि 'एन' हे अक्षर लिहिले. लगेच पांढऱ्या अंकांच्या ओळी भराभर उतरू लागल्या. चार स्तंभ होते. दुसऱ्याच्या माथ्यावर 'लोकल ॲड्रेस', तिसऱ्याच्या माथ्यावर 'फॉरेन ॲड्रेस', आणि चौथ्यात बहुतेक ठिकाणी 'एस्टॅब्लिश्ड'. "वाचा साहेब. फॉरेन म्हणजे परदेशी. एस्टॅब्लिश्ड म्हणजे ठाण मांडून बसलेले." हे अर्थ शाळेत शिकलेल्या इंग्रजीशी तंतोतंत जुळत होते. मग मी काय शंका घेणार? त्यांनी सांगितलेला एक कार्यक्रम मी संगणकात उतरवून घेतला. पडद्यावरचा बाण माझा हात न लागता हिंडू लागला. पाऊण तासाने, संरक्षणाचा खर्च म्हणून, मी ४,८०० रुपये पाठवून मोकळा झालो.

ते पैसे माझे नव्हते. आम्ही तीन भाऊ एकत्र राहतो. चतुर्थीच्या खर्चाची रक्कम माझ्या खात्यात ठेवावयाची, अशी घरची वहिवाट आहे. थोरले बंधू त्या रकमेचा हिशेब कधी विचारीत नाहीत, आणि न विचारलेल्या हिशेबाचे ओझे किती असते हे मला त्या तीन आठवड्यांत कळले. सायंकाळी मी ती गोष्ट कोणाशी तरी सहज बोलावी तसा वाडीतल्या वायरमनाच्या मुलाशी बोललो, तर तो ताडकन म्हणाला, "मास्तरांनू, ही फसवेगिरी आसा." मी हसून विषय बदलला. संगणक चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला. निवृत्तिवेतन आले की भरपाई करावी आणि कोणास कळू देऊ नये, असे ठरवले. ज्याने पिढ्यान्पिढ्या मुलांना खरे बोलावयास शिकवले, त्याचे हे ठरवणे.

सप्टेंबरात चतुर्थीला पुण्याहून थोरल्या बंधूंची नात आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. माटवी बांधून झाल्यावर तिने विचारले, "नाना, तुमच्या वह्या कुठवर आल्या?" मला उत्तर देता येईना. माजघरात कोणी नाही असे पाहून मी तिला सर्व सांगून टाकले. पोरगी हसली नाही, याचा मला आजही मोठा आधार वाटतो. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की बँकेचा परवलीचा शब्द बदललात का. बदलला नव्हता. तो तिने मजकडून तत्काळ बदलवून घेतला, उपरा कार्यक्रम काढून टाकला, बँकेस कळवले आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. हा क्रमांक पहिल्याच तासात फिरवला असता तर रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा होती, असे ती म्हणाली. पैसे परत आले नाहीत. वह्यांची पाने मात्र जशीच्या तशी होती.

मग तिने तीच काळी चौकट माझ्यादेखत पुन्हा उघडली. मी अक्षरशः मागे सरकलो. "फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे हो नाना," ती म्हणाली. "तारेच्या या टोकाचा पत्ता तो लोकल, त्या टोकाचा तो फॉरेन. तुम्ही वर्तमानपत्र उघडलेत तर ते देणाऱ्या यंत्राचा पत्ता फॉरेनच दिसणार, मग ते यंत्र मुंबईत का असेना. आणि एस्टॅब्लिश्ड म्हणजे दोघांचे बोलणे जुळलेले आहे, इतकेच." तिने एकेक ओळ बोटाने दाखवली. पत्त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि ४४३ हा अंक: घर एक असले तरी त्यास दारे पुष्कळ, आणि कुलूपबंद पत्रव्यवहाराचे दार ४४३. चार ओळींत तर 'परक्या' पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ असे होते. "हा कोण?" मी भीतभीत विचारले. "हे तुम्हीच. यंत्र स्वतःशी बोलते तेव्हा हा पत्ता वापरते."

म्हणजे त्या दुपारी ज्यांच्या भयाने मला घाम फुटला, त्यांत खुद्द माझेच यंत्र होते. खरा उपरा म्हणाल तर तो त्या यादीत तेव्हा नव्हताच. त्यास मी नंतर स्वहस्ते दार उघडून आत घेतले.

पुढे जे झाले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. या पत्त्यांत चार संख्या असतात आणि कोणतीही २५५ च्या वर जात नाही. २५५ च का, असे मी विचारले. ती म्हणाली, यंत्राला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक. अशा आठ चिन्हांचा एक गट. त्याच्या रचना २५६, शून्यापासून मोजल्या तर २५५ पर्यंत. आणि असे चार गट. मी तिला तेथेच थांबवले. दोन चिन्हे, लघु आणि गुरु, आठ अक्षरांचा चरण, चार चरण, एकूण अक्षरे बत्तीस. "अगो, हा तर अनुष्टुभ्!"

आजोबांची वही काढली. पिंगलाने छन्दःशास्त्रात नेमके हेच केले आहे: इतक्या अक्षरांची लघुगुरूंची वृत्ते किती, अमुक क्रमांकाचे वृत्त कोणते आणि दिलेल्या वृत्ताचा क्रमांक कोणता. यांतील दुसऱ्या शोधास नष्ट म्हणतात, तिसऱ्यास उद्दिष्ट. आम्ही १९२ ही संख्या घेतली. अर्धे करीत गेलो: ९६, ४८, २४, १२, ६, ३, १. सम संख्येस लघु, विषमास गुरु, आणि शेवटून वाचावयाचे. दोन गुरू, सहा लघू. पिंगलाची रीत किंचित निराळी. विषम संख्या आली की तो एक मिळवून अर्धे करतो, कारण त्याचा प्रस्तार एकापासून सुरू होतो आणि यंत्राचा शून्यापासून. शिवाय तो वृत्ताच्या आरंभापासून लिहीत जातो, आम्हांस मात्र उलटे वाचावे लागले. १२७.०.०.१ चा पहिला चरण एक लघू आणि सात गुरूंचा, मधले दोन्ही सर्वलघू, चौथ्यात अखेरचे अक्षर तेवढे गुरू. श्लोक म्हणून अगदीच टाकाऊ. पाचवे अक्षर लघु हा नियम पहिल्याच चरणात मोडलेला. आमच्या पूर्वजांपाशी संगणक होता, असे सांगणाऱ्यांच्या पंगतीस मला बसावयाचे नाही. पिंगल छंद मोजत होता. पण मोजणी तीच, आणि ती मला लहानपणापासून येत होती, हे कळल्यावर त्या काळ्या चौकटीचे भय निम्मे झाले.

बत्तीस अक्षरांचे असे श्लोक होतात ४,२९,४९,६७,२९६. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा एवढे पत्ते पुष्कळ वाटले असावेत. २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटून संपले. आता नवे पत्ते १२८ अक्षरांचे, म्हणजे चार श्लोकांचे एक कलापक. जुन्याची तूट दुसऱ्या युक्तीनेही भागवली जाते आणि ती एकत्र कुटुंबातील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील प्रत्येक यंत्रास १९२.१६८ ने आरंभ होणारा आतला पत्ता असतो. तसे पत्ते घरोघर सारखेच. त्यांना उंबऱ्याबाहेर किंमत नाही. बाहेर सर्वांचा पत्ता एक, आणि आलेले टपाल ज्याचे त्यास पोचवण्याचे काम भिंतीवरची ती लुकलुकती पेटी करते. आमच्याकडे पूर्वी वडिलांच्या नावे आलेली पत्रे आई अशीच वाटीत असे.

बाहेरचा पत्ता कोणत्या संस्थेस दिला आहे हे कोणासही पाहता येते. माणूस कोणत्या घरात बसला आहे हे त्यावरून कळत नाही. आमचाच पत्ता शोधून पाहिला तर आम्ही मुंबईत राहतो असे निघाले! आणि यादीत नाव दिसले म्हणून कोणी चोर ठरत नाही, तसा सावही ठरत नाही. अनोळखी ओळ दिसली तर ती कोणत्या कार्यक्रमाची आहे हे त्याच आज्ञेस 'ओ' हे अक्षर जोडून मिळालेल्या क्रमांकावरून शोधावे, असे तिने मला वहीत लिहून दिले.

ही लबाडी परकी खासच नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण मुले अमेरिकेतील लोकांना तेथील कर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावताना सापडली होती. त्या बिचाऱ्या अमेरिकनांचे परदेशी आम्हीच होतो.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी थोरल्या बंधूंस हिशेब दिला. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "तीन आठवडे जेवत का नव्हतास, ते आज कळले." वहिनी मात्र चिडल्या, पैशांसाठी नव्हे, लपवल्याबद्दल, आणि दोन दिवस मजशी बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षात पुन्हा एक दूरध्वनी आला. आवाज निराळा, अदब तीच. मी काळी चौकट उघडली आणि म्हटले, "एक फॉरेन पत्ता दिसतो आहे खरा. १२७.०.०.१. हा कोणाचा हो?" क्षणभर शांतता. मग ते गृहस्थ गंभीरपणे उद्गारले, "साहेब, हा फार धोकादायक माणूस आहे. रशियातला." मी दूरध्वनी तसाच हातात धरून स्वयंपाकघराकडे वळलो आणि वहिनींना हाक मारली, "ऐकलेत का, मी रशियात असतो म्हणे!"