अपेक्षाभंगाचे दोन प्रकार

रहस्यकादंबरी वाचून निराश झालेल्या वाचकाची तक्रार मराठी समीक्षेने क्वचितच ऐकून घेतली आहे. ज्या वाङ्मयप्रकाराकडून काही अपेक्षाच ठेवायची नसते, त्याने अपेक्षाभंग केला तर बिघडले कुठे, असा तुच्छताभाव या मौनामागे असावा.

कोरेगाव भीमा येथील एका वाचकाची तक्रार या संदर्भात पाहण्याजोगी आहे. सणसवाडीच्या कारखान्यातील पाळी आटोपून रात्री वाचणारा हा माणूस वडिलांनी जपलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिकांवर वाढलेला. त्याने वाचलेल्या एका कादंबरीत आतून कडी लावलेल्या खोलीत सावकाराचे प्रेत सापडते. शेजारी भर दुपारी कंदील जळत असतो. दोनशे पाने त्याने तो कंदील ध्यानात ठेवला. शेवटच्या प्रकरणात सावकाराचा जुळा भाऊ परदेशातून अवतरतो, गुन्हा कबूल करतो आणि कादंबरी संपते. कंदील लेखकच विसरला. खुनी ओळखता आला नाही, ही वाचकाची तक्रार नव्हे. तो ओळखता येणे शक्यच नव्हते, ही आहे.

गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात यावा, जुळी भावंडे पूर्वसूचनेशिवाय आणू नयेत, असे नियम रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये घालून दिले होते. ते निम्मे थट्टेचे असतीलही. पण नॉक्सचे नाव न ऐकलेला वाचकही तेच मागतो. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ने (१९२६) फसवल्याची ओरड झाली. परंतु कादंबरी पुन्हा उघडली की निवेदकाने खोटे सांगितले नव्हते, कमी सांगितले होते, हे दिसते. येथे वाचक हरतो, पण त्याची अवहेलना होत नाही.

हान्स रॉबर्ट याउसने १९६७ च्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. कृती त्या क्षितिजापासून जितकी दूर, तितके तिचे कलामूल्य अधिक. त्याच्या आत राहणारी कृती करमणुकीच्या जवळ. हा निकष सरधोपटपणे लावला तर कंदील विसरणारा लेखक प्रयोगशील ठरेल! क्षितिज ओलांडणे आणि तेथवर न पोहोचणे यांतील भेद समीक्षेला सांगता आला पाहिजे.

या वाचकाच्या गावी तो भेद केवळ सैद्धान्तिक नाही. १८१८ च्या लढाईत नेमके कोण जिंकले, यावर तेथे अद्याप वाद आहे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला वारंवार मुदतवाढ मिळत गेली. तपास लांबतो, धागे सुटतात, हे त्याला कादंबरीने शिकवायला नको. सुटलेला प्रत्येक धागा कोणीतरी हिशेबात धरला आहे, एवढ्या विश्वासावर तो रहस्यकादंबरी हाती घेतो.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तिका लिहिल्या. त्यांत योगायोगांचा सुकाळ आहे, मानसशास्त्र जवळजवळ नाही. झुंजार जिंकणार हे तर पहिल्या पानावरच ठाऊक असे. वाचकाला त्यांच्याकडून हवा होता तो वेग, आणि तो त्याला मिळत असे.