फलाटाचे पैसे

पिझ्झा हा मूळचा इटलीतल्या नेपल्सच्या गोरगरिबांचा पदार्थ. आमच्या चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो श्रीमंत होतो. परवा मी बिल मोठ्यानं वाचलं (त्यानं निम्मी भूक मरते). खोक्याचे वेगळे, आणून देण्याचे वेगळे, पाऊस पडतोय म्हणून वेगळे, शिवाय जीएसटी आणि वर 'प्लॅटफॉर्म फी'! २०२३ साली ही २ रुपयांवर सुरू झाली आणि दोन वर्षांत १० च्या पुढे गेली. अहो, रेल्वे १० रुपयांत खराखुरा फलाट देते! बाकावर बसा, पंख्याखाली पेपर वाचा, दोन तास कोणी उठवत नाही. हा फलाट आहे कुठे?

"मग आणा ना जाऊन," ही म्हणाली. दुकान कोपऱ्यावरच आहे. पण माझ्या गुडघ्यांनी जिन्याची फी कधीच वाढवून ठेवलीय.

बेल वाजली. पोरगा नखशिखान्त भिजलेला.

"काय रे, ते पावसाचे पैसे तुला मिळतात ना?"

"काका, आधी ओटीपी सांगा. पुढची ऑर्डर लागलीय."

ही तोवर टॉवेल घेऊन आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "याची फी कोणाच्या नावावर लावू?"