रंध्याची घाई

शिरपूरच्या आमच्या घराचं मागचं दार श्रावणात अडकतं. आजोबांच्या वेळचं, सागवानी, दोन दिल्ह्यांचं. पहिल्यांदा अडकलं तेव्हा मी हौसेनं रंधा काढला आणि कड मोकळी होईस्तोवर तासली. पुढच्या मे महिन्यात तिथेच पेन्सिल सरकेल एवढी फट पडली. खानदेशातल्या झळा आणि अंगणातली धूळ, दोन्ही थेट माजघरात. मिस्त्रींनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दारले बी तहान लागस, भाऊ. पावसायामा रंधा नको लाऊ."

लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही, फुगतं-आकसतं ते रुंदीत. म्हणून तर जुने सुतार दिल्हा खाचेत मोकळा ठेवत. सरस लागायचा तो फक्त कुसवांना. रंगाचे थर देऊन देऊन आपणच तो खाचेत जाम करतो, मग तो तडकला की लाकडाला नावं ठेवतो.

यंदा दार उतरवलं ते दिवाळी झाल्यावर. तासलेल्या कडेला सागाची पट्टी चिकटवली, नाणं सरकेल एवढी फट राखली. मग जुना ऑइलपेंट काढायला घेतला. 2017 पासून नव्या रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. आजोबांच्या डब्यात किती होतं कोण जाणे! म्हणून कोरडं घासलं नाही. नातवंडांना पुढच्या दारी पिटाळलं, पाणी शिंपडत पत्रीनं खरवडलं आणि खरवड कागदात गोळा केली. कॉस्टिकनं काम लवकर होतं, पण साग काळवंडतो. त्यानंतर पॉलिशपेपर, 80, 120, 220, रेषांच्या दिशेनंच. आडवा गेलेला एक हात तेव्हा दिसत नाही, तेल चढलं की उठून दिसतो.

मला खरी आवड चपडा लाखेची. रात्रभर स्पिरिटात भिजवलेली लाख, मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि हाताखाली हळूहळू उजळत जाणारं लाकूड. पण लाखेला पाणी सोसत नाही, पांढरे डाग पडतात. मागच्या दाराला पाऊस लागतो, म्हणून जवसाचं बेलतेल. तेही पातळ लावायचं आणि पंधरा मिनिटांनी पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहतं. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. त्यामुळे पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. आपोआप पेट घेतात. मी ती दोरीवर पसरतो. बायकोला ते धुणं मुळीच आवडत नाही.

दार आडवं पडलं होतं तेव्हाच त्याची खालची कड पहिल्यांदा नीट बघितली. कोरं लाकूड. इतक्या वर्षांत तिथे कुणाचाही ब्रश पोचला नव्हता, आणि उभ्या फळीचं टोक तर पाणी स्ट्रॉसारखं ओढतं. दर्शनी बाजूला तीन हात दिले, वरच्या-खालच्या कडांना पाच.

दार टांगल्यावर मिस्त्री आले. चकाकी त्यांनी बघितलीच नाही. स्टूल ओढून वरच्या कडेवर बोट फिरवलं, खाली उतरले आणि चहा मागितला.